नेपाळची निवडणूक : गोळी थांबेपर्यंत मत थांबवायचं काय?



१० एप्रिल २००८ ला नेपाळ देशात निवडणूक होती. ती नेहमीची आमदार-खासदाराची निवडणूक नव्हती. देशाची घटना लिहिणारी सभा, म्हणजे संविधान सभा, लोकांनी निवडायची होती. पावणेदोन कोटी मतदार होते. पण ही निवडणूक घ्यावी की घेऊ नये, यावरच तिकडे वर्षभर भांडण चाललं. आधी जून २००७ ची तारीख ठरली, ती गेली. मग २२ नोव्हेंबरची ठरली, तीही गेली. मग एप्रिल २००८ ची. तेव्हाही बरेच जण म्हणत होते की तराईत बॉम्ब फुटतात, उमेदवारांना धमक्या आहेत, गावं भ्यालेली आहेत. आधी शांतता करा, मग मतदान करा.

नेपाळचं आपल्याला काय, असं काही गावांत आम्हाला विचारलं. रास्त प्रश्न आहे. त्याला दोन उत्तरं आहेत.

एक, नेपाळात दर तीन माणसांमागे एकाहून जास्त माणूस आदिवासी-जनजातीचा आहे. तमांग, मगर, थारू, राई, लिंबू, गुरुंग अशा ५९ जमातींची नावं २००२ च्या कायद्यात लिहिली आहेत. त्यांच्या जमिनीची कथा आपल्यासारखीच आहे. पूर्वेकडच्या लिंबू लोकांची 'किपट' नावाची वहिवाट होती. जमीन कुळाची, सगळ्यांची, बाहेरच्याला विकता येत नाही अशी. १९६० नंतरच्या जमीन सुधारणेत ती सरकारने मोडून टाकली. १९५७ साली कायदा करून जंगल सरकारजमा केलं. चितवनला अभयारण्य केलं तेव्हा थारू लोकांना उठवलं. थारूंमधले कमैया पिढ्यानपिढ्या जमीनदाराकडे वेठीला होते. १७ जुलै २००० ला सरकारने त्यांना मोकळं केलं म्हणून जाहीर केलं. जमीनदाराने त्याच दिवसांत त्यांना झोपडीतून बाहेर काढलं, आणि जमीन काही हाती आली नाही. २००८ मध्ये हे लोक देशाच्या घटनेत आपलं नाव लिहायला निघाले होते. त्यांचं काय होतं, ते आपण पाहिलंच पाहिजे.

दुसरं उत्तर आपल्या घरचं आहे. आपल्या भागात दर निवडणुकीला हाच प्रश्न येतो. मत दिलं, बोटाला शाई लागली, की एक बंदूक विचारते, काहून गेला होतास? शाई लागली नाही तर दुसरी बंदूक विचारते, काहून गेला नाहीस? सुरक्षेच्या नावाने बूथ आपल्या गावातून उचलून लांब नेतात. दुपारी तीनला बंद करतात. म्हातारी माणसं ऊन तुडवत तिथं पोचेपर्यंत मशीन बंद. मग शहरातले लोक पेपरात लिहितात की आदिवासी मतदान करत नाहीत. म्हणून गोळीबाराच्या मुलखात मतदान व्हावं काय, झालं तर कसं व्हावं, हा विचार आपण स्वतः केला पाहिजे. दुसऱ्यांनी आपल्यासाठी पुष्कळ करून झाला.

आमचं मत पहिल्यांदाच सांगून टाकतो. नेपाळची निवडणूक १० एप्रिल २००८ लाच व्हायला हवी होती. पण निवडणूक म्हटली की ती चांगलीच, असं आम्ही म्हणत नाही. बंदुकीच्या मुलखातल्या काही निवडणुकांनी लोकांचा जीव घेतला आहे. फरक कशाने पडतो, ते पाहू.

आधी 'शांतता झाल्यावर निवडणूक' या बोलण्याचा हिशेब करू. नेपाळने ते करून पाहिलं आहे. १९९६ च्या फेब्रुवारीत तिथं माओवाद्यांचं युद्ध सुरू झालं. २००१ च्या शेवटी राजाचं सैन्य उतरलं. मे २००२ मध्ये संसद बरखास्त झाली आणि नोव्हेंबरात निवडणूक घ्यायचं ठरलं. मग पंतप्रधान देउबा म्हणाले, परिस्थिती बरी नाही, निवडणूक पुढे ढकलू. राजाने त्यांनाच नालायक ठरवून ऑक्टोबरात काढलं आणि कारभार आपल्या हातात घेतला. त्याच वर्षी जुलैत गाव विकास समित्यांची मुदत संपली होती. त्यांचीही निवडणूक झाली नाही. म्हणजे देशात संसद नाही आणि गावात निवडलेला माणूस नाही. सचिव तेवढा राहिला, आणि बऱ्याच ठिकाणी तोही जीव घेऊन जिल्ह्याच्या गावी पळाला.

यातून शांतता आली काय? उलट झालं. युद्धात तेरा हजारांवर माणसं मेली. त्यातली बहुतेक २००१ च्या शेवटानंतरची आहेत. बर्दिया जिल्ह्यातून लष्कराने उचलून नेलेली आणि घरी परत न आलेली माणसं बहुतेक करून थारू आहेत. फेब्रुवारी २००५ मध्ये राजाने उरलंसुरलंही बंद केलं, पुढाऱ्यांना कोंडलं, फोन तोडले. चार वर्षं मत थांबवलं आणि त्या चार वर्षांत गोळी वाढली. जिथं विचारायला, भांडायला, हरवायला निवडलेला माणूसच नसतो, तिथं भांडण बंदुकीकडेच जातं. म्हणून 'थांबा' म्हणणाऱ्याला पहिला प्रश्न हा विचारायचा की थांबलं तर तोवर राज्य कोण करणार? जो म्हणतो थांबा, तोच खुर्चीवर बसलेला असेल, तर त्याचं थांबणं कधी संपत नाही.

आता दुसरी बाजू. त्याच राजाने ८ फेब्रुवारी २००६ ला नगरपालिकांची निवडणूक घेतली. जगाला दाखवायला. मोठ्या सात पक्षांनी बहिष्कार टाकला होता, माओवाद्यांनी बंद पुकारला होता. निम्म्याहून जास्त जागांना उभं राहायला माणूस मिळाला नाही. पाचातल्या एकाने मत दिलं. ती निवडणूक व्हायला नको होती. तिच्यात लोकांना ठरवायला काहीच नव्हतं. राजा राहणारच, सैन्य त्याचंच राहणार, फक्त मोहोर लोकांची हवी होती. दोन महिन्यांत, एप्रिलमध्ये, लोक रस्त्यावर आले, एकोणीस दिवस हटले नाहीत, आणि राजाला संसद परत द्यावी लागली.

आपल्या देशातलं उदाहरण आसामचं आहे, फेब्रुवारी १९८३ चं. मतदार यादीत परदेशी लोकांची नावं आहेत म्हणून तिथं मोठं आंदोलन चाललं होतं. बोलणी तुटलेली होती. तरी दिल्लीने निवडणूक लादली. आंदोलनाने बहिष्कार टाकला. पूल जाळले, गावं जाळली. १८ फेब्रुवारीला नेल्ली भागात बंगाली मुसलमानांची गावं वेढून एका दिवसात माणसं कापली. सरकारी हिशेबानेच आकडा दोन हजारांच्या आसपास जातो. मेले त्यात बायका आणि लेकरं जास्त. हे आपण आदिवासींनी नीट ऐकून ठेवलं पाहिजे, कारण हल्ला करणाऱ्यांत तिवा आदिवासी मोठ्या संख्येने होते. त्यांच्या जमिनी गेल्या होत्या ही खरी गोष्ट. पण राग कोणाचा, भांडण कोणाचं आणि हत्यार कोणाच्या हातात, याचा मेळ लागला नाही, आणि गरिबाने गरिबाला मारलं. पुढे ऑगस्ट १९८५ ला आसाम करार झाला. त्याच डिसेंबरात पुन्हा निवडणूक झाली. १९८३ ला तीनातल्या एकाने मत दिलं होतं. १९८५ ला रांगा लागल्या. राज्य तेच, लोक तेच. मधल्या काळात भांडणाऱ्यांत करार झाला होता, एवढाच फरक.

इराकातही असंच झालं. ३० जानेवारी २००५ ला अमेरिकेचं सैन्य रस्त्यावर उभं असताना घटना लिहिणारी सभा निवडली. सुन्नी लोकांनी बहिष्कार टाकला. अनबार नावाच्या त्यांच्या प्रांतात शंभरातल्या दोघांनी मत दिलं. देशाचा एक मोठा समाज बाहेर ठेवूनच घटना लिहायला बसले. पुढच्या वर्षी शिया-सुन्नी एकमेकांना मारत होते, ते आपण बातम्यांत ऐकलं.

आणि उलटं उदाहरण दक्षिण आफ्रिकेचं. तिथंही मतदानाआधीच्या चार वर्षांत हजारो माणसं मेली होती. १० एप्रिल १९९३ ला काळ्या लोकांचे नेते ख्रिस हानी यांचा खून झाला. तेव्हाही पुष्कळ जण म्हणाले असतील की आता कसली निवडणूक. मंडेलांच्या पक्षाने उलट मागणी केली की तारीख ठरवा, लोकांना दिवस दिसू द्या. २७ एप्रिल १९९४ ठरली. झुलूंचा इंकाथा पक्ष बहिष्कारावर होता. तो शेवटच्या आठवड्यात आत आला, आणि छापलेल्या मतपत्रिकेला खाली चिठ्ठी चिकटवून त्याचं नाव घातलं. मतदानाच्या आधल्या दिवसांत बॉम्ब फुटले. तरी लोक मैलमैल रांगेत उभे राहिले. शांतता पूर्ण झाली नव्हती. पण सगळे आत होते आणि ठरवायचं होतं ते खरं होतं.

या सगळ्यांवरून आम्हाला तीन कसोट्या दिसतात. पहिली, हत्यारवाल्यांनी आपसांत करार केला आहे काय, आणि हत्यार मतदाराच्या दारातून बाजूला ठेवलं आहे काय? दुसरी, आजवर बाहेर ठेवलेला माणूस आत आला आहे काय? तिसरी, मताने खरंच काही बदलणार आहे काय, की नुसती मोहोर उमटवायची आहे?

नेपाळला या कसोट्या लावून पाहू.

करार होता. २१ नोव्हेंबर २००६ ला सरकार आणि माओवाद्यांनी शांतता करारावर सह्या केल्या. माओवाद्यांचे लढवय्ये सात मोठ्या छावण्यांत आणि त्यांच्या आजूबाजूच्या लहान छावण्यांत बसले होते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या माणसांनी एकेकाला तपासून १९,६०२ जणांची नोंद केली. हत्यारं लोखंडी पेट्यांत कुलूपबंद होती. तेवढीच हत्यारं सैन्यानेही पेटीत घालायची आणि बराकीत राहायचं, असं ठरलं. आपण विचार करा, दोन्ही बाजूंनी बंदूक पेटीत घालायची, मग लोकांनी मत पेटीत घालायचं. असं आपल्या भागात कधी झालं आहे काय?

बाहेरचे आत आले, हेही बरंच खरं आहे. ते फुकट मिळालेलं नाही. जानेवारी २००७ ला हंगामी घटना आली, तेव्हा तराईच्या मधेशी लोकांना दिसलं की आपल्याला पुन्हा फसवलं. त्यांनी रस्ते बंद केले, गोळ्या खाल्ल्या. जनजाती महासंघाने आंदोलन केलं आणि ऑगस्ट २००७ ला सरकारशी वीस कलमांचा करार केला. मधेशी पक्षांशी शेवटचा करार २८ फेब्रुवारी २००८ ला झाला. सभेत ६०१ जागा होत्या. २४० मतदारसंघातून, ३३५ पक्षाला पडलेल्या मतांच्या प्रमाणात, आणि २६ नेमायच्या. प्रमाणाच्या यादीत निम्म्या बायका हव्या होत्या, जनजातीचे ३७.८ टक्के हवे होते, दलित १३ टक्के हवे होते. कोणत्याच वाटेने न आलेल्या जमातींसाठी नेमायच्या जागांचा उपयोग करायचा होता. म्हणजे तारीख पुढे गेली तो सगळा काळ वाया गेला नाही. दोन वेळा ढकलली, त्या वेळात भांडून, करार करून बाहेरची माणसं आत आली. निवडणूक ढकलणं आम्ही वाईटच मानतो असं नाही. ढकललेल्या दिवसांत काय केलं, ते पाहावं. २००२ ला ढकलून राजा मोठा झाला. २००७ ला ढकलून जनजाती आणि मधेशी आत आले.

तिसरी कसोटी. राजा राहणार की जाणार, याचा निकाल सभेच्या पहिल्या बैठकीत लावायचा, गणराज्य करायचं, हे डिसेंबर २००७ च्या करारात लिहिलं होतं. संघराज्य कसं असावं, कोणाला किती स्वायत्तता, जमीन-जंगल कोणाचं, हे या सभेत ठरणार होतं. याहून खरं मत कोणतं असतं?

आता विरोधात बोलणाऱ्यांचं ऐकू, कारण ते खोटं बोलत नाहीत. तराईत हत्यारबंद टोळ्या होत्या आणि त्यांच्याशी करार झालेला नव्हता. गौर गावात मार्च २००७ ला एका सभेवरून पंचवीसहून जास्त माओवादी कार्यकर्ते मारले गेले. डोंगरातल्या गावांत माओवाद्यांच्या तरुण पथकाची भीती होती. दुसऱ्या पक्षाचा झेंडा लावायला लोक बिचकत होते. लढवय्या छावणीत गेला, पण त्याचा भाऊ काठी घेऊन गावातच आहे, असं म्हणत होते. आणखी एक, प्रमाणाच्या यादीत नावं लोक निवडत नव्हते. यादी पक्षाची, आणि यादीतला कोणता माणूस सभेत बसवायचा तेही पक्षच ठरवणार होता. जनजातीचा माणूस बसेल, पण पुढाऱ्याच्या मर्जीतला बसेल. राखीव जागांवर असे होयबा आपणही पाहिले आहेत. आणि लाखो नेपाळी पोटासाठी आपल्या देशात आले आहेत. नागपूर-पुण्याला रात्री शिट्टी वाजवत फिरणारा गुरखा, कोकणात आंब्याची बाग राखणारा गडी, यांना मत द्यायचं तर घरी जावं लागतं. इथून मत देण्याची सोय केलेली नाही. आपल्या माणसाला मिरची तोडायला आंध्रात गेल्यावर जसं मत हुकतं, तसंच.

हे सगळे दोष खरे होते. पण यातला एकही दोष तारीख पुन्हा ढकलून जात नव्हता. टोळ्यांशी बोलायला निवडलेलं सरकार लागतं, तेव्हाच्या सरकारला ते टिकेल की नाही हेच ठाऊक नव्हतं. पथकाची भीती कमी करायची तर देखरेखवाले गावात जास्त दिवस ठेवावे, आणि मोजताना गावाचं मत वेगळं दिसू नये अशी काळजी घ्यावी. ही शेवटची गोष्ट आपल्यालाही लागू आहे. आपल्याकडे मशीन आल्यापासून कोणत्या बूथवर कोणाला किती मतं पडली ते उघड होतं. ऐंशी घरांच्या गावात हे म्हणजे हात वर करून मत दिल्यासारखंच आहे. मतं एकत्र मिसळून मोजा, ही मागणी आपण केली पाहिजे.

आणि एक कसोटी मतदानाच्या दिवशी लागत नाही, नंतर लागते. हरलेला माणूस हार मानतो काय? कोणी का जिंकेना, राजाचे लोक, सैन्य, काँग्रेस, एमाले, माओवादी, मधेशी, सगळ्यांनी निकाल मानला तर नेपाळ वाचला. एकानेही पेटीचं कुलूप फोडून बंदूक काढली तर पुन्हा तेच तेरा हजार. ही जबाबदारी मतदाराची नाही. मतदार उन्हात चालून, भीती गिळून आपलं काम करतो. पुढचं काम हत्यारवाल्यांचं आहे, राजाच्याही आणि क्रांतीच्याही.

नेपाळची एक गोष्ट आपल्या खास उपयोगाची आहे. युद्धाच्या वर्षांत संसद नव्हती, गाव समिती नव्हती. पण जंगल राखणारे गावांचे वापरदार गट, जे तिथल्या १९९३ च्या वन कायद्याने झाले, ते पुष्कळ ठिकाणी चालू राहिले. बैठका होत होत्या, कमिटी निवडली जात होती, लाकूड-गवताचा हिशेब वाचला जात होता. देशात मत बंद होतं तेव्हा जंगलाच्या कामासाठी गावात मत चालू होतं. मत देण्याची सवय त्यांनी मोडू दिली नाही.

आपल्यासमोर आज हेच काम आहे. १ जानेवारी २००८ पासून वनहक्क कायद्याचे नियम लागू झाले. ग्रामसभेच्या पहिल्या बैठकीत वनहक्क समिती निवडायची आहे. कमीत कमी दहा, जास्तीत जास्त पंधरा माणसं. २००८ च्या नियमात त्यात निदान एक तृतीयांश आदिवासी, निदान एक तृतीयांश बायका होत्या. २००८ च्या नियमाने सभेला गावातले दोन तृतीयांश लोक हजर लागत होते. आपल्या अनुसूचित भागात टोल्याची, पाड्याचीही ग्रामसभा धरता येते. काही साथी म्हणतात, सध्या वातावरण तापलेलं आहे, दोन्हीकडून त्रास आहे, थोडं निवळू द्या, मग समिती करू. आम्ही म्हणतो, थांबू नका. आपण थांबलो तर समिती थांबणार नाही. ती सरपंचाच्या घरी बसून कागदावर होईल, आणि आपल्या सह्या-अंगठे नंतर गोळा करतील. २००६ ची नेपाळी नगरपालिका आपल्या गावात होईल.

पण घाईही करू नका. तीच तीन कसोट्या लावा. बैठकीत कोणीही हत्यार घेऊन बसणार नाही, कोणत्याही बाजूचा, हे आधी गावाने ठरवावं आणि दोन्हीकडे कळवावं. ज्याला आजवर बोलावलं नाही, ती बाई, तो टोल्यावरचा माणूस, दुसऱ्या जमातीचं एकटं घर, ते आत आल्याशिवाय नावं लिहू नयेत. आणि कागदावर जे लिहाल ते गावात मोठ्याने वाचून दाखवावं, म्हणजे कशाला हात वर केला ते सगळ्यांना कळेल. मोहफुलाचे दिवस आहेत, पुढे तेंदूपत्ता लागेल, मग माणूस गावात सापडणार नाही. म्हणून बैठक संध्याकाळी ठेवा, गोटुलात ठेवा.

१० एप्रिल २००८ ला थारू, मगर, तमांग बायका-माणसं रांगेत उभी राहिली. त्यांना आमचा जोहार.  आमचं मत हे असं आहे. तुमच्या गावाचं वेगळं असेल तर बैठकीत बोला, लिहून पाठवा, तेही छापू.

जंगल-जमीन आमच्या हक्काची!

— संघटनेच्या तरुण कार्यकर्त्यांतर्फे